‘महिनाभर न फुटणारं सोयाबीन’ आणि मामांचं चार एकर

तो मेसेज यंदा पुन्हा आला. या खेपेला धाकट्या मावशीकडून, शेवटी हात जोडलेले आणि ‘प्रत्येक शेतकऱ्यापर्यंत पोहोचवा’. दोन वर्षांपूर्वी तो मामांपर्यंत पोहोचला होता, त्याचं काय झालं ते मी पाहिलंय. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

मेसेज थोडक्यात असा: पुण्याच्या शास्त्रज्ञांनी एमएसीएस १४०७ हे सोयाबीनचं नवं वाण काढलंय, एकरी ३९ क्विंटल. शेंगा महिनाभर फुटत नाहीत. कापून बनीम (रानातली गंजी) लावायचे दिवस गेले, पीक उभं ठेवा आणि हार्वेस्टर येईल तेव्हा काढा. एकसारखं वाळत नसेल तर ग्लायफोसेट हे तणनाशक मारा. निघालेलं बी पुढच्या साली पेरा. सोबत कॅनडाचा म्हणून एक व्हिडिओ.

२०२४च्या ऑक्टोबरात लातूरच्या औसा तालुक्यातून मामांचा फोन आला होता. “माय, यंदा कापायची घाई नाही. न फुटणारं सोयाबीन आलंय म्हणे. कापणीच्या गुत्तेवाल्याला नको म्हणून सांगितलं.”

मी विचारलं, “मामा, तुमच्या रानात ते वाण आहे का?”

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “नाही, आपलं घरचंच बी हाय. पण सोयाबीनच की ते बी.”

खरं नुकसान इथे होतं. मेसेज एका वाणाबद्दल असतो आणि वाचणारा तो स्वतःच्या उभ्या पिकाला लावतो. गुण त्या बियाण्यात असतो, ‘सोयाबीन’ या शब्दात नाही.

आता त्या वाणाचंच बघू. एमएसीएस १४०७ खरं आहे, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचंच आहे. २०२१ मध्ये त्याची सरकारी घोषणा झाली, ती मी शब्दन् शब्द वाचली आहे. उत्पादन ३९ क्विंटल, पण हेक्टरी. एकरी पावणेसोळा. मेसेज लिहिणाऱ्याने हेक्टरचा एकर केला आणि उत्पादन अडीच पट झालं. शिफारस आसाम, पश्चिम बंगाल, झारखंड, छत्तीसगड आणि ईशान्येकडच्या राज्यांसाठी. महाराष्ट्राचं नाव त्यात नाही. शोध पुण्यात लागला म्हणून ते मराठवाड्याचं होत नाही, इतकी साधी गोष्ट!

त्याच घोषणेत आणखी एक गोष्ट आहे आणि मेसेजने तीच गाळली. हे वाण यंत्राने काढायला योग्य का, त्याची कारणं तिथे तीन दिली आहेत: खोड जाड आहे, खालची शेंग जमिनीपासून ७ सेंटिमीटर वर लागते आणि शेंग फुटायला प्रतिकार करते. मेसेजने तिसरं तेवढं उचललं. हार्वेस्टरचं पातं जमिनीला घासून चालत नाही. ढेकळाचं रान असेल, सऱ्या-वरंबे असतील, तर ते आणखी वर उचलावं लागतं. शेंगा अगदी बुडापासून धरणारं वाण असेल, तर फुटली नाही तरी खालची शेंग खोडालाच राहते. खोड बारीक असेल आणि पीक लोळलं असेल, तर विचारूच नका. परभणीच्या विद्यापीठाने एमएयूएस १६२ हे वाण हार्वेस्टरसाठी सांगितलं, तेही झाड उंच आणि सरळ वाढतं म्हणून.

आता ‘महिनाभर’. हा शब्द ज्याच्या डोक्यातून आला, त्याने ऑक्टोबरातल्या दुपारी सोयाबीनच्या रानात पाच मिनिटं उभं राहून बघावं. तडतड ऐकू येते. शेंगेची दोन टरफलं शिवणीला चिकटलेली असतात. वाळताना प्रत्येक टरफलाला पीळ पडायला लागतो आणि पीळ शिवणीपेक्षा जास्त झाला की शेंग उकलून दाणा लांब उडतो. पहाटे दवाने शेंग नरम पडते, म्हणून जुनी माणसं सकाळीच कापायला लागतात. मधे एखादी सर येऊन पुन्हा ऊन पडलं की शेंग भिजते, वाळते आणि शिवण आणखी कमजोर होते. पीळ कमी पडणारी वाणं असतात, त्यांच्यात फरक असतो, हे मान्य. पण नवी वाणं काढणाऱ्या पैदासकारांची मोजपट्टी बघा: वाळवलेल्या शंभर शेंगांतल्या १ ते १० फुटल्या तरी ते वाण ‘प्रतिकारक’ म्हणवतं, २५ फुटल्या तरी ‘मध्यम प्रतिकारक’. पिशवीवरच्या शब्दाचा अर्थ ‘फुटत नाही’ असा नसतो, ‘उशिरा आणि कमी फुटतं’ एवढाच असतो. आपल्याकडच्या बऱ्याच वाणांच्या पत्रकांत पक्वतेनंतर आठ-दहा किंवा दहा-बारा दिवस शेंग फुटत नाही असं लिहिलेलं असतं. महिना कुठून आला?

त्या शनिवारी मी गावी गेले. पानं झडून नऊ-दहा दिवस झाले होते आणि हार्वेस्टर अजून ‘उद्या’वर होता. चार काटक्या बांधून एक फूट लांब-रुंद चौकट केली आणि ती मामांच्या हाताने रानात सात ठिकाणी टाकायला लावली, म्हणजे मी मुद्दाम खराब जागा निवडली असं व्हायला नको. प्रत्येक चौकटीत खाली पडलेले दाणे मोजले: ११, ७, १४, ९, ६, १३, १०. सरासरी दहा. एकरात ४३,५६० चौरस फूट, शंभर दाण्यांचं वजन १२ ग्रॅम धरलं, तर एकरी ५२ किलो जमिनीवर. यंत्र रानात यायच्या आधी! तेव्हाच्या क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभावाने अडीच हजार झाले आणि रान चार एकर. मामा चौकट हातात घेऊन बराच वेळ तिथेच उकिडवे बसून राहिले. मी पुढे काही बोलले नाही.

व्हिडिओबद्दल. ते सोयाबीन नाहीच, कॅनोला आहे, मोहरीच्या जातकुळीतलं. टाकीत पडणारे दाणे बारीक, काळे, गोल दिसतात, तेवढं तरी बघायचं! कॅनडात ते पूर्वापार जरा कच्चं असतानाच कापून ओळीने आडवं टाकत, वाळलं की यंत्राने उचलत. आपली कापून टाकायची रीतच म्हणा. तिथे गेल्या दहा-बारा वर्षांत शेंगा कमी फुटणारी वाणं आली आणि उभं कापणं वाढलं, हे खरं. पण ती वाणं घेणाराही रान एकसारखं पिकत नसेल, तण माजलं असेल किंवा हिमाची धास्ती असेल, तर आजही कापून टाकतो. मुख्य म्हणजे उभं काढायचं की टाकून, याचा विचार तिथे पेरणीआधी होतो आणि वाण त्यावरून निवडतात. आपल्या मेसेजमध्ये तो विचारच काढणीच्या तोंडावर सुरू होतोय.

ग्लायफोसेट मारा म्हणणाऱ्याला मी भेटले तर नीट बोलू शकणार नाही. आपल्याकडे त्याची मंजुरी चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी आहे. २०२२ मध्ये केंद्राने परवानाधारक कीडनियंत्रकांशिवाय कोणी ते वापरू नये असा आदेश काढला. आणि उभ्या झाडावर मारलेलं ते औषध झाडातून दाण्यापर्यंत उतरतं. तोच दाणा पुढच्या साली पेरा, असं हा मेसेज पुढच्याच ओळीत सांगतो!

बियाण्याचं म्हणाल, तर सोयाबीनचं साल पातळ आणि अंकुर सालीला लागूनच. मळणीचा ड्रम जोरात फिरला की दाणा दिसायला अख्खा, पण आतून मुका, उगवत नाही. बियाण्याची मळणी मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांवर करा म्हणतात ते यासाठी. दुसऱ्याच्या रानात पोहोचायची घाई असलेला हार्वेस्टरवाला तुमच्यासाठी फेऱ्या कमी करत बसत नाही. बियाण्याला ७० टक्के उगवण लागते. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती उगवतात बघा आणि मग बोला.

आता नाइलाजाने कबूल करायचं ते. मजूर मिळत नाहीत, मिळाले तर पेरलेल्या बॅगेमागे सांगतील तो भाव द्यावा लागतो, आणि बनीम काही सोन्याची नसते. २०१९ आणि २०२० च्या ऑक्टोबरात बनिमीतल्या शेंगांना कोंब आलेले आपण सगळ्यांनी बघितलेत. ताडपत्री नीट नसेल तर आठ दिवसांत खालचा थर काळा पडतो. अमेरिकेत, ब्राझीलमध्ये सोयाबीन उभंच काढतात, हेही खरं. सपाट रान, उंच शेंगेचं वाण आणि वेळेवर येणारं यंत्र, तिन्ही असतील तर हार्वेस्टरला माझा काडीचाही विरोध नाही. मामांकडे तिन्ही नव्हतं. विहिरीकडचे दोन एकर मग सोमवारी पहाटे माणसं लावून कापले, चढ्या भावाने. उरलेल्या दोनावर हार्वेस्टर आला तो पानं झडल्यापासून सतराव्या दिवशी. तिथे मी चौकट टाकली नाही. मामांनी स्वतः टाकली, आकडा मात्र सांगितला नाही.

यंदा जूनमध्ये त्यांनी दुकानातूनच एका पिशवीचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “हे उभं काढायचं का कापायचं?” लेबलवर उगवण होती, लॉट नंबर होता. खालची शेंग किती उंचीवर लागते ते नव्हतं. “मामा, पैसे देऊ नका अजून,” म्हटलं, “विद्यापीठाची पुस्तिका बघून सांगते.”