शेकडा नको, किलो सांगा

परवा गाईंसाठी कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, बघायला मंगळवेढ्याच्या बाजूला गेलो होतो. दोन शेतांतल्या रचून ठेवलेल्या गंज्या बघितल्या. पहिल्या मालकाने शेकडा, म्हणजे शंभर पेंढ्या (बांधलेल्या जुड्या), १८०० रुपये सांगितला, दुसऱ्याने २६००. आमचे हे लगेच पहिल्याशी बोलणी करायला लागले. शेकड्यामागं ८०० रुपये वाचत असतील तर कोण सोडेल? मी मात्र पिशवीतून ताणकाटा, म्हणजे माल लटकवून मोजायचा स्प्रिंगचा काटा, काढला.

पहिल्याच्या दहा पेंढ्या १३ किलो भरल्या. दुसऱ्याच्या दहा भरल्या २१ किलो. म्हणजे पहिल्याचा शेकडा १३० किलोचा आणि दुसऱ्याचा २१० किलोचा. किलोमागं पहिला पडला १३ रुपये ८५ पैसे, दुसरा १२ रुपये ३८ पैसे. स्वस्त दिसणारा कडबा किलोला जवळजवळ दीड रुपयानं महाग होता.

आमच्या चार गाई आहेत. ओल्या चाऱ्याबरोबर रोज २० किलो कडबा लागतो. आठ महिन्यांचा साठा करायचा तर ४८०० किलो. त्यावर दीड रुपयाचा फरक म्हणजे सात हजार रुपये. शिवाय तेवढ्याच वजनासाठी बारक्या पेंढ्या ३७ शेकडे लागल्या असत्या, मोठ्या २३ शेकड्यांत भागतात. हमाली आमच्याकडे शेकड्यावर असते, म्हणजे १४ शेकड्यांची हमाली वर गेली असती.

पहिले मालक म्हणाले, "वहिनी, कडबा कुणी मापून घेतं का? आम्ही बापजाद्यांपासून शेकड्यानंच विकतोय." खरं आहे त्यांचं. पण आमच्या आत्याबाई सांगतात की त्यांच्या वेळी पेंढी म्हटली की सगळ्या शिवारात एकच अंदाज असायचा. गावातल्या गावात देणंघेणं, लहान पेंढी बांधणाऱ्याचं नाव व्हायचं. आता कडबा टेंपोनं पन्नास-शंभर किलोमीटर जातो. बांधणारा कोण, घेणारा कोण, एकमेकांचं तोंडही कुणी बघत नाही. शेकडा हा शब्द तोच राहिला, आतली पेंढी मात्र बारीक होत गेली.

ती किती बारीक झाली हे डोळ्याला कळत नाही, आणि सगळं पाणी मुरतं ते इथंच. मी दोन्हीकडं सुतळीनं पेंढीचा घेर मोजला. मोठीचा २० इंच, बारकीचा १६ इंच. लांबी सारखीच, दोन्हीकडं मालदांडी या ज्वारीच्या वाणाचीच ताटं. बघणाऱ्याला वाटतं, चारच इंच कमी, म्हणजे पाचवा हिस्सा. पण घेर पाचव्या हिश्शानं कमी झाला की आतला चारा तिसऱ्या हिश्शाहून जास्त कमी होतो. २० चा वर्ग ४००, १६ चा वर्ग २५६. शंभरातला ६४ च चारा हातात येतो. २१ किलोचे १३ किलो कसे झाले, ते इथं कळतं. मशीननं बांधलेल्या चाऱ्याच्या गोल गठ्ठ्यांनाही हाच हिशोब लागतो. तिथं तर किती दाबून बांधलंय त्यावरही वजन हलतं.

नुसतं वजन बघूनही फसायला होतं, हे मी दोन वर्षांपूर्वी शिकले. आपल्याकडं शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, उपटून काढतात, बुडख्याला मातीची ढेकळं तशीच राहतात. तेव्हा आम्ही माती वजनात धरून पैसे दिले. आता पेंढी आपटून, झटकून मगच काट्याला लावते. सकाळी दव असताना मोजत नाही. मालक हातात देईल ती पेंढी मोजत नाही, गंजीच्या वरची, मधली, खालची मीच ओढून काढते. पानं किती टिकलीत ते बघते, कारण गाय पानं आधी खाते आणि जाड बुडखे गव्हाणीत सोडते. पावसात भिजून काळा पडलेला, बुरशीचा वास येणारा कडबा कितीही स्वस्त दिला तरी नको.

मुरघासाचंही, म्हणजे हवाबंद मुरवलेल्या ओल्या चाऱ्याचंही, तसंच आहे. ७ रुपये किलोनं बॅग मिळाली की कडब्यापेक्षा निम्म्यात आला असं वाटतं. पण चांगल्या मुरघासातही कोरडा चारा शंभरात ३० ते ३५ किलोच असतो, बाकी पाणी. वाळलेल्या कडब्यात तो ९० च्या आसपास असतो. कोरड्या चाऱ्यावर हिशोब धरला तर मुरघास किलोला २० ते २३ रुपयांवर जातो आणि दुसऱ्या मालकाचा कडबा १४ च्या आत राहतो. मुरघासात प्रथिनं जास्त आहेत, पचतोही चांगला, दुधाच्या गाईला मी तो घालतेच. पण स्वस्त म्हणून नाही घालत.

मला राग कशाचा येतो ते सांगते. आमचं दूध डेअरीला जातं तेव्हा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) बघितलं जातं. एक पॉइंट, म्हणजे ०.१, खाली आला की दर कापला जातो. आपण विकतो ते पॉइंटापर्यंत मोजून, आणि विकत घेतो ते गंजीकडं नजर टाकून. दुधाच्या धंद्यात सगळ्यात मोठा खर्च जनावरांच्या खाण्याचा, आणि त्यातला चारा आपण अंदाजानं घेतो.

कडबा विकणाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. शाळू काढायला मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, म्हणून कितीतरी जणांनी शाळू करायचं सोडलं. त्यांनी १४ रुपये किलो सांगावा, १५ सांगावा, मी घासाघीस करणार नाही. पण किलो सांगावा. जनावरांच्या बाजारातही कडब्याच्या गाडीशेजारी काटा असावा, ज्याला मोजून घ्यायचंय त्याला घेता यावं.

आम्ही दुसऱ्या मालकाचा कडबा ठरवला. गाडी रिकामी आणि भरलेली दोन्ही वेळा वजनकाट्यावर घालायची, असं बोलणं झालंय. ते एका शब्दानं आडवे आले नाहीत.

यंदा तुमच्या भागात शेकडा काय चाललाय आणि दहा पेंढ्या किती किलो भरतात, हे खाली लिहा. दोन्ही आकडे लिहा, नुसता शेकडा नको.