मोठा आकडा म्हणजे चांगला फोन, हे गणितच चुकीचं आहे

"रिव्ह्यू वाचत बसू नका, ते सगळे पैसे घेऊन केलेले असतात. दोन फोनचे स्पेक्स शेजारी शेजारी ठेवा. मेगापिक्सेल, रॅम, कोअर, एमएएच, ज्याचे आकडे मोठे तो डोळे झाकून घ्या." या आशयाचा सल्ला वर्षानुवर्षं पुढे पाठवला जातो. सोपा आहे म्हणून चटकन पटतो आणि तो ऐकून माणसं कष्टाचे पैसे भलत्याच फोनवर घालवतात. म्हणून त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

आधी मेगापिक्सेल, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. सॅमसंगचा २०२१ साली जाहीर झालेला २०० मेगापिक्सेलचा आयसोसेल एचपी१ सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी चिप घ्या. त्याचा एकेक पिक्सेल, म्हणजे फोटोचा ठिपका टिपणारा कण, ०.६४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्याशा पिक्सेलला कमी उजेडात पुरेसा प्रकाश मिळत नाही, म्हणून सेन्सर शेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून त्यांचा २.५६ मायक्रॉनचा एक पिक्सेल बनवतो आणि आपल्या हाती येतो साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो. याउलट आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५ च्या ६एसपासून २०२१ च्या १३ पर्यंत १२ मेगापिक्सेलवरच होता. त्या सहा वर्षांत फोटो सुधारले ते सेन्सर, भिंग आणि प्रोसेसिंग यांच्यामुळे. गूगलने २०१८ साली अंधारात फोटो काढणारं 'नाइट साइट' आणलं तेव्हा ते अपडेटमधून आपल्या 'पिक्सेल' नावाच्या जुन्या फोनांनाही दिलं. स्पेक्सच्या यादीतला एकही आकडा बदलला नाही, पण रात्रीचे फोटो बदलले. 'चार कॅमेरे' असं लिहिलेलं दिसलं तर त्यातले दोन २ मेगापिक्सेलचे आहेत का, एवढं जरूर बघा. ते बहुधा संख्या भरण्यापुरतेच असतात.

कोअरचा, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या भागांचा, मुद्दा लवकर आटपतो. २०१५ मध्ये मीडियाटेकने दहा कोअरचा हेलिओ एक्स२० प्रोसेसर जाहीर केला, त्याच वर्षी ॲपलचा ए९ दोन कोअर घेऊन आला. एकेका कोअरच्या वेगात ए९ बराच पुढे होता, आणि ॲप उघडणं, पान लोड होणं अशा रोजच्या कामांत तोच वेग जास्त जाणवतो. कोअर किती यापेक्षा कोणते, हा प्रश्न महत्त्वाचा.

रॅमबद्दल, म्हणजे चालू कामासाठीच्या वेगवान मेमरीबद्दल, एक गोष्ट मला मनापासून खटकते. '८ अधिक ८ जीबी' असं ठळक छापतात, त्यातले दुसरे ८ जीबी रॅम नसतातच. तो स्टोरेजचा तुकडा असतो, आणि स्टोरेज रॅमपेक्षा कित्येक पटींनी संथ असतं. त्यातही ते ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) आहे की यूएफएस (वेगवान प्रकार), यावर फोन दोन वर्षांनी रखडणार की नाही हे बरंचसं ठरतं. जाहिरातीत मात्र फक्त '१२८ जीबी' असतं.

आता बॅटरी. एमएएच, म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा आकडा, सांगतो टाकीत किती आहे, खर्च किती ते सांगत नाही. २०२२ मध्ये क्वालकॉम या चिप कंपनीने स्नॅपड्रॅगन ८ जेन १ या प्रोसेसरनंतर काही महिन्यांतच ८ प्लस जेन १ आणला. रचना जवळपास तीच, फक्त चिप सॅमसंगऐवजी टीएसएमसी या तैवानी कंपनीच्या कारखान्यात बनली. तेवढ्यानं सीपीयूचा, म्हणजे मुख्य प्रोसेसरचा, वीजवापर सुमारे ३० टक्क्यांनी उतरल्याचं खुद्द क्वालकॉमनं सांगितलं. म्हणजे एमएएच तेवढाच असला तरी एक फोन संध्याकाळपर्यंत टिकतो, दुसरा नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनांना जे ऊर्जा लेबल लागतं, त्यावर एका चार्जमध्ये फोन किती तास चालतो ते लिहावं लागतं. ग्राहकाला हवी ती माहिती हीच.

राहिला 'सगळे रिव्ह्यू विकलेले' हा आरोप. यात तथ्य आहे. फोन कंपनीच पाठवते, कधी छापायचं तेही तीच ठरवते, आणि चार तास हाताळून केलेल्या कौतुकाला रिव्ह्यू म्हणतात. पण म्हणून सुक्याबरोबर ओलंही जाळायचं का? सॅमसंगचा गॅलेक्सी एस४ ठरावीक बेंचमार्क ॲप, म्हणजे फोनचा वेग मोजणारी ॲप, ओळखून तेवढ्यापुरता चिपचा वेग वाढवतो, हे २०१३ मध्ये आनंदटेक या तंत्रज्ञान संकेतस्थळाच्या समीक्षकांनी उघड केलं. २०१८ मध्ये ह्युआवेच्या फोनांबाबत तसंच त्यांनी दाखवल्यावर ते फोन थ्रीडीमार्क या बेंचमार्कच्या यादीतून काढले गेले. स्पेक्सच्या तक्त्याकडे पाहून हे कुणाला कधी कळलं असतं?

चांगला समीक्षक नुसता आकडा देत नाही, तो कसा मोजला तेही सांगतो. थ्रीडीमार्कची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट बघा: एका मिनिटाची चाचणी सलग २० वेळा. पहिल्या फेरीत ४००० गुण मिळवणारा फोन तापून शेवटी २००० वर आला, तर त्याची स्थिरता ५० टक्के. ३००० वरून २७०० वर आलेल्याची ९० टक्के. पंधरा मिनिटांनंतर गेम दुसऱ्यावर जास्त चांगला चालेल, आणि 'मोठा आकडा' मात्र पहिल्याचा आहे.

शिवाय जुना, मोठ्या आकड्यांचा फोन स्वस्तात मिळतोय म्हणून उचलणाऱ्यांनी अपडेटची मुदत कधीपासून मोजतात ते पाहावं. ती आपण फोन घेतो त्या दिवसापासून सुरू होत नाही. गूगलचा पिक्सेल ८ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, त्याला सात वर्षं म्हणजे ऑक्टोबर २०३० पर्यंतच अपडेट मिळणार. २०२६ च्या अखेरीस घेणाऱ्याच्या वाट्याला त्यातली चारही धड येत नाहीत.