जॅकी रॉबिन्सन आणि 1947 : माझ्याच मजकुराचा खुलासा

‘अमेरिकेच्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणजे जॅकी रॉबिन्सन, आणि 1947 साली तो उतरताच सगळ्या संघांची दारे उघडली,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो मूळ माझाच असून त्यातली दोन्ही विधाने चुकीची आहेत.

जुन्या हंगामांच्या सामनावार नोंदी पाहिल्यावर चूक ध्यानात आली. मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा खेळाडू) 1884 मध्येच टोलेडो संघाकडून, तेव्हा सर्वोच्च गणल्या जाणाऱ्या अमेरिकन असोसिएशनमध्ये खेळला होता. पुढे संघमालकांच्या अलिखित संगनमताने कृष्णवर्णीय खेळाडूंसाठी ही वाट बंद झाली, आणि 15 एप्रिल 1947 रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्ड मैदानावर रॉबिन्सनने ती पुन्हा खुली केली. त्या दिवशी त्याला एकही हिट (सुरक्षितपणे तळ गाठून देणारा फटका) मिळाली नाही. मात्र सातव्या डावात तो चेंडू बॅटने हलकेच टेकवून धावत सुटला, प्रतिस्पर्ध्याची फेक चुकली आणि पुढे त्यानेच आघाडीची धाव पूर्ण केली. (मला तरी हा प्रसंग कोणत्याही होम रनपेक्षा (क्रिकेटमधल्या षटकारासारख्या फटक्यापेक्षा) बोलका वाटतो.)

सगळ्या संघांची दारेही लगेच उघडली नाहीत. त्याच वर्षी जुलैमध्ये लॅरी डोबी हा आणखी एक कृष्णवर्णीय खेळाडू क्लीव्हलँडकडून खेळू लागला खरा, पण बॉस्टन रेड सॉक्सच्या संघात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू यायला 1959 उजाडले.

तेव्हा जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नये, आणि ज्यांना तो आधीच पाठवला असेल त्यांच्यापर्यंत हा खुलासा पोहोचवावा.