घरगुती अपघात

केसपेपरवर लिहिलंय : ‘घरगुती अपघात’. तेही छापील, म्हणजे पेनानं खोडायची सोय नाही. उजव्या करंगळीच्या हाडाला चीर गेलीय. ती गेली भर सामन्यात, सेकंड स्लिपला उभी असताना, उजवीकडे झेपावून कॅच घेताना. कॅच घेतला. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे हा मुद्दा निघणार आहे.

काउंटरवरच्या मुलाला मी हे सगळं नीट सांगितलं होतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मातीनं माखलेल्या जर्सीकडे पाहिलं आणि विचारलं, “म्हणजे घरीच लागलं ना?” मग व्यवसाय. मी म्हटलं, “क्रिकेट.” तो म्हणाला, “ते ठीक आहे हो, पण करता काय?” शेवटी त्यानं ‘विद्यार्थिनी’ टाकलं. माझा संघाशी करार आहे, ट्रेनरला माझ्या झोपेचा हिशेब द्यावा लागतो, कोणत्या दिवशी किती ओव्हर टाकायच्या हेही दुसरंच कोणीतरी ठरवतं, पण विद्यार्थिनी. मागे रांग होती, बोट ठणकत होतं, आणि एका हातानं दुसरा हात धरून ठेवल्यावर भांडण रंगत नाही.

एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकावर काका बसले होते. एका पायात बूट, दुसऱ्या पायाला बँडेज, आणि चेहऱ्यावर समोरच्याला काहीतरी शिकवायची तयारी.

“काय गं, बोटाला काय झालं?”

“कॅच घेताना बॉल लागला.”

“सुटला?”

“नाही. घेतला.”

“मग लागला कसा?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडेच नसावं. काकांच्या शास्त्राप्रमाणे घेतलेला कॅच लागत नसतो, आणि ज्या अर्थी मला लागलाय त्या अर्थी तो सुटलेला आहे. “हात असे मागे न्यायचे, असे,” म्हणत त्यांनी बसल्या जागी एक कॅच घेतला. शेजारच्या बाईंची रिपोर्टची फाइल खाली पडली. “आणि तुमचा बॉल तर मऊ असतो ना?”

मी सांगितलं, तेच कातडं, तीच शिवण, आत तोच कॉर्क. वजन कमी असतं. आमचा 140 ते 151 ग्रॅम, पुरुषांचा 156 ते 163.

“बघ! हलका!”

आमचा जड चेंडू आणि त्यांचा हलका चेंडू यांत पाच ग्रॅमचा फरक. ते पाच ग्रॅम वाचल्याचं माझ्या करंगळीला कोणी कळवलं नव्हतं.

“सुनीलनं कसोटीत 108 कॅच घेतले,” काका म्हणाले. गावसकरांचा उल्लेख ते वर्गमित्रासारखा करत होते. “कधी असं बोट धरून बसलेला पाहिलास त्याला?”

मला गप्प बसता आलं असतं. पण बोट दुखत असलं की तोंड सुटतं. मी विचारलं, “काका, वन-डेतलं पहिलं द्विशतक कोणाचं?”

“सचिन! ग्वाल्हेर, 2010, साउथ आफ्रिका. मी ऑफिसमधून पळालो होतो.”

“बेलिंडा क्लार्क. ऑस्ट्रेलिया. 1997च्या वर्ल्ड कपमध्ये, नाबाद 229. तेही मुंबईत.”

काका क्षणभर थांबले. “कोणाविरुद्ध?”

“डेन्मार्क.”

“हॅ! डेन्मार्क! मग ते धरत नाहीत.”

“कोण धरत नाही?”

“आम्ही.”

हे ‘आम्ही’ म्हणजे कोण, हा माझ्या छोट्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा प्रश्न आहे. त्यांचं कार्यालय कुठे आहे, बैठका कधी होतात, अर्ज कोणाकडे करायचा? महिलांचा पहिला वर्ल्ड कप 1973 साली झाला, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. तोही मी पुढे केला. काका म्हणाले, “ती ट्रायल असेल.”

हेच ‘आम्ही’ बहुधा साहित्यही बनवतात. करार झाल्यावर मी पहिल्यांदा ऐटीत पॅड घ्यायला गेले, तर मला ‘युथ’च्या कपाटाकडे पाठवलं. चौदा वर्षांच्या मुलाचं माप आणि माझं माप एकच. बूट पुरुषांचे, त्यात टाच हलते. बॉलिंग टाकताना पाय आधी पोचतो, बूट मागून येतो. यावर ‘जाड मोजे घाला’ हा सल्ला प्रत्येक जण स्वतःचा शोध असल्यासारखा देतो.

“पण आता पैसे पुरुषांइतकेच मिळतात म्हणे तुम्हाला!” काका. हे वाक्य कधी ना कधी येतंच. न्यूझीलंडनं आणि पाठोपाठ भारतानं 2022 मध्ये मॅच फी सारखी केली, खरं आहे. पण भारतात ती आंतरराष्ट्रीय सामन्यांची, आणि वर्षाच्या करारात अजून भलंमोठं अंतर आहे. त्यात मी तिथवर पोचलेच नाही. माझ्या पायरीवर अकरात असलात तर पूर्ण पैसे, राखीव बसलात तर निम्मे, आणि बोट मोडून घरी बसलात तर ‘लवकर बरी हो’. त्या काळातलं काही मिळवायचं तर कागदावर सामन्यात लागलं असं असावं लागतं. माझ्या कागदावर मी घरात काहीतरी सांडलंय.

काकांचा चष्मा घरी राहिला होता. “माझा नंबर कितवा आहे बघ गं,” म्हणून त्यांनी आपला केसपेपर माझ्या हातात दिला. नंबर पाहिला. खाली पाहिलं. ‘क्रीडा दुखापत : क्रिकेट.’

“काका, तुम्हाला कुठे लागलं?”

“पार्किंगमध्ये. नातवानं यॉर्कर टाकला, तो खोदून काढताना बॅट अंगठ्यावर आली.”

“बॉल?”

“प्लास्टिकचा. पण काय वेगानं टाकतो कार्टं!” मग जरा लाजत म्हणाले, “तो काउंटरवरचा मुलगा चांगला आहे. कुठल्या लेव्हलला खेळता, असं विचारत होता.”

मी उठून काउंटरवर गेले. एकदा सेव्ह झालं की बदलत नाही, असं समजलं. परत येऊन बसले. काका माझ्या जर्सीवरचं नाव पहिल्यांदाच वाचत होते, डोळे बारीक करून.

“म्हणजे तू खरंच खेळतेस? पगारावर?”

“हो.”

“अगं, मग आधी नाही का सांगायचं!” ते सरकून जवळ आले, आवाज खाली आणला. “पुरुषांच्या फायनलचे दोन पास मिळतील?”

नंबर मीच दिला, नाइलाजानं. आता रोज सकाळी गुलाबाच्या फुलासह शुभप्रभात येतं. खाली : ‘करंगळी कशी आहे? पासचं लक्षात आहे ना? पॅव्हेलियनच्या बाजूचे बघ, समोर ऊन येतं.’