स्मार्ट मीटर दुप्पट पळतो? फिरणाऱ्या मेसेजला मुद्द्यागणिक उत्तर

कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत, म्हणजे बेस्ट जिथे वीज पुरवते त्या हद्दीत, सोसायट्यांच्या आणि चाळींच्या ग्रुपवर एक मेसेज बरेच महिने फिरतो आहे. लांबून रीडिंग घेणारा नवा मीटर जुन्याच्या दुप्पट पळतो, त्याचे बारा हजार रुपये तुमच्याच बिलातून कापणार, रिचार्ज संपला की मध्यरात्री वीज जाणार, मीटरमधून घातक किरण निघतात, आणि कायद्याने तुम्ही सरळ नकार देऊ शकता; तेव्हा मीटर बदलायला आलेल्या माणसाला इमारतीच्या मीटर केबिनमध्ये पाऊल टाकू देऊ नका, असा त्याचा मजकूर. महावितरणच्या भागातही थोड्या फरकाने हेच फिरतं.

यातले काही दावे खोटे आहेत, काही अर्धवट खरे आहेत आणि एकातला आकडा तर जवळजवळ पूर्ण खरा आहे. पण सगळ्यांची एकच मोळी बांधल्यामुळे खरा मुद्दाही मार खातो. बिल घेऊन कार्यालयात गेलेला माणूस ‘मीटर पळतोय’ एवढंच म्हणतो, समोरचा ‘मीटर तपासला, बरोबर आहे’ म्हणतो, आणि विषय संपतो. बिल मात्र तेवढंच राहतं.

पहिला दावा, दुप्पट पळण्याचा. वीज मोजणं आणि मोजलेला आकडा पाठवणं ही मीटरमधली दोन वेगळी कामं आहेत. नवं आहे ते दुसरं. मोजणारा भाग गेली कित्येक वर्षं आपल्या केबिनमध्ये असलेल्या इलेक्ट्रॉनिक मीटरसारखाच असतो. स्मार्ट मीटरसाठी आयएस १६४४४ हे भारतीय मानक आहे आणि घरगुती मीटरचा अचूकता वर्ग साधारणपणे १ असतो, म्हणजे नेहमीच्या भारावर चूक एक टक्क्याच्या आत. मीटर दर पंधरा मिनिटांची किंवा अर्ध्या तासाची नोंद साठवतो आणि सिमवरून किंवा रेडिओवरून सर्व्हरला देतो. पाठवल्याने युनिट वाढत नाहीत.

माझ्या या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात वजनदार पुरावा या मेसेजमध्ये नाहीच, म्हणून मीच सांगतो. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने २०१७ मध्ये नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासले. त्यातल्या पाचांनी खऱ्यापेक्षा खूप जास्त वापर दाखवला, एकाने तर ५८२ टक्क्यांपर्यंत. दोन मीटरनी उलट तीसेक टक्के कमी दाखवला. प्रयोग खरा आहे, पण चुका झाल्या त्या डिमरवर चालणाऱ्या एलईडी आणि सीएफएल दिव्यांमुळे विजेची लहर पार तुटलेली असताना, आणि त्याही मीटरमधल्या सेन्सरच्या प्रकारावर ठरत होत्या. रीडिंग लांबून घेण्याशी त्यांचा संबंध नव्हता. या प्रयोगावरून बेस्टला विचारण्याजोगा प्रश्न असा : तुमच्या मीटरची चाचणी अशा तुटक लहरीवर झाली आहे का, आणि तिचा अहवाल ग्राहकाला मिळेल का? हा प्रश्न मी कुठल्याही ग्रुपवर अजून वाचलेला नाही.

मग मीटर बदलल्यावर काहींचं बिल खरोखर वाढतं, ते का? लोक खोटं बोलत नाहीत. कॅलिफोर्नियात बेकर्सफिल्डला २००९ साली अशीच ओरड झाली. तिथल्या नियामक आयोगाने बाहेरच्या संस्थेकडून चौकशी करून घेतली. २०१० च्या अहवालात निघालं ते असं, की मीटर बरोबर होते. दरवाढ आणि उष्णतेची लाट नेमकी मीटर बदलण्याच्या काळात आली, आणि कंपनीने तक्रारदारांना नीट उत्तरंच दिली नाहीत. आपल्याकडेही मार्च-एप्रिलमध्ये मीटर बदलला, एप्रिलपासून नवे दर लागले आणि मे महिन्यात एसी सुरू झाला, तर दोष मीटरच्या माथी जातो. म्हणून तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, आणि तीही रुपयांची नको, युनिटची करा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आणि त्यावरचं वीज शुल्क या गोष्टी मीटर ठरवत नाही.

दुसरं कारण सरासरी बिलाचं. मीटर रीडर आला, केबिनला कुलूप होतं, बिल सरासरीने गेलं; असे दोन-तीन महिने गेले की पुढे एकदम डोंगर उभा राहतो. टाळेबंदीत हे सगळ्यांनी पाहिलं. मार्च २०२० च्या शेवटी राज्यातल्या वीज कंपन्यांनी घरोघरचं रीडिंग थांबवलं, हिवाळ्यातल्या कमी वापरावरून सरासरी बिलं पाठवली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रीडिंग झाल्यावर लोकांच्या हातात जी बिलं पडली त्यांनी महाराष्ट्रभर संताप उसळला. तेव्हा बहुतेक घरांत स्मार्ट मीटर नव्हता. लांबून रीडिंग घेतलं असतं तर तीच रक्कम महिन्याच्या महिन्याला दिसली असती. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात, त्यामुळे तीन महिन्यांची युनिटं एका महिन्याची म्हणून मोजली तर मधल्या टप्प्यातलं घर वरच्या टप्प्यात जातं. साठलेली युनिटं त्या-त्या महिन्यांत विभागून आकारणी झाली आहे ना, हे बिलावर तपासायलाच हवं.

तिसरं कारण जुन्या मुंबईचं खास आहे. आपल्याकडच्या सिंगल फेज मीटरमध्ये बहुधा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारांतला प्रवाह मोजला जातो आणि जो जास्त असेल त्यावर युनिट धरलं जातं. वीजचोरी पकडण्यासाठी ती सोय आहे. पण चाळीत चाळीस-पन्नास वर्षांच्या वायरिंगमध्ये दोन खोल्यांची न्यूट्रल कुठेतरी एकत्र बांधलेली असते. ज्याच्या जुन्या मीटरला ही सोय नव्हती त्याला काही कळलं नाही. नवा मीटर लागला की शेजारच्या खोलीचा फ्रीज याच्या बिलात येतो. शिवाय एका केबिनमध्ये पंचवीस मीटर घाईने बदलताना तारांची अदलाबदलही होऊ शकते. दोन्ही ठिकाणी मीटर अचूक असतो आणि बिल चुकीचं असतं. मीटर तपासणीच्या प्रयोगशाळेत हे कधीच सापडणार नाही, कारण तिथे मीटर जातो, चाळ जात नाही.

तपासायला पैसे लागत नाहीत. घरातला मेन स्विच बंद करा आणि केबिनमध्ये जाऊन आपल्या मीटरचा लाल दिवा बघा. तो लुकलुकत राहिला तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचा भार आहे किंवा मीटर ते घर या तारेत गळती आहे. दिवा थांबला, तर पुढची पायरी. एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो ते मीटरच्या दर्शनी पाटीवर छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं बाकी सगळं बंद ठेवून बादलीत बुडवलेला १००० वॉटचा पाणी तापवायचा रॉड लावा, एक जण घरी, एक जण केबिनमध्ये फोनवर. मिनिटाला ५३-५४ वेळा दिवा लुकलुकायला हवा. पुरवठा २३० ऐवजी २४० व्होल्ट असेल तर ५८ पर्यंत जाईल. मीटर दुप्पट पळत असता तर मोजणी शंभराच्या वर गेली असती. हा मेसेज पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने आधी एवढं एक मिनिट मोजावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

किरणांचा दावा थोडक्यात निकालात निघतो. हे मीटर मोबाइलच्या जाळ्यावर किंवा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यात, थोड्या थोड्या वेळाने क्षणभर माहिती पाठवतात. आपण तासन्‌तास कानाला लावतो तो फोन याहून कितीतरी जास्त वेळ आणि जास्त जवळून तेच करतो.

बारा हजारांचा आकडा मात्र हवेतला नाही. बेस्टने २०२२ मध्ये १० लाख ८० हजार मीटरचं सुमारे १,३०० कोटींचं काम अदानी ट्रान्समिशनला दिलं. भागाकार केला की मीटरमागे बारा हजारच येतात. त्यात नुसती पेटी नाही, ती बसवणं, संपर्काची यंत्रणा आणि पुढची अनेक वर्षांची देखभाल आहे. बसवताना तुमच्याकडून पैसे मागितले जात नाहीत, म्हणून ‘बिलातून कापणार’ हे जसं सांगितलं जातं तसं खोटं आहे. पण म्हणून ‘मोफत’ हेही खरं नाही. केंद्राच्या योजनेत विशेष दर्जा नसलेल्या राज्यांना मिळणारं अनुदान खर्चाच्या १५ टक्के किंवा मीटरमागे ९०० रुपये, यात जे कमी असेल तेवढंच. उरलेला खर्च वीज कंपनी राज्याच्या वीज नियामक आयोगापुढे मांडते आणि तो दरात येतो. रीडिंगचा खर्च वाचेल, गळती कमी होईल, त्यातून तो भरून निघेल, असं म्हणतात. निघो. पण किती वाचले आणि किती गेले याचा हिशोब दरवर्षी जाहीर सुनावणीत मागितला पाहिजे. आणि जो खर्च वाचणार आहे, तो दारोदार फिरणाऱ्या कंत्राटी मीटर रीडरचा पगार आहे. त्यांना दुसरं काम कोण देणार, याचं उत्तर आजवर कुणी समाधानकारक दिलेलं नाही.

रिचार्जचा दावा शिळा आहे. सामान्य ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, असं देवेंद्र फडणवीस यांनी ऊर्जामंत्री असताना जून २०२४ मध्ये जाहीर केलं. बिल नंतर येणार असेल तर वीज कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. मीटर लांबून बंद करता येतो म्हणून ती टळत नाही. खरी भीती निराळी आहे. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात चुकीच्या आदेशाने दीड लाखाहून जास्त स्मार्ट मीटरधारकांचा पुरवठा एकदम बंद पडला. कुणाचीही थकबाकी बघितली गेली नव्हती. वीज तोडण्याचा आदेश कोण देतो, एका वेळी जास्तीत जास्त किती मीटरना देता येतो आणि चूक झाली तर भरपाई किती, हे बेस्टने लेखी सांगायला हवं. तसंच, घरात कोण कधी असतं हे तुमच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वापरावरून कळतं; ती नोंद कंत्राटदाराकडे किती काळ राहते, हेही.

नकाराचं म्हणाल तर वीज कायद्याच्या कलम ४७ च्या पाचव्या पोटकलमात प्रीपेड मीटर घेणाऱ्याकडून सुरक्षा ठेव मागू नये, असं आहे. त्यावरून प्रीपेड हा ग्राहकाचा पर्याय आहे, सक्ती नाही, असा ग्राहक संघटनांचा युक्तिवाद आहे आणि तो मला पटतो. पण प्रीपेडला नकार म्हणजे मीटर बदलायलाच नकार नव्हे. मीटर कोणत्या प्रकारचा असावा, हे कलम ५५ खालचे केंद्रीय वीज प्राधिकरणाचे नियम ठरवतात. केबिनला कुलूप घालून बसलात तर वादात तुमचीच बाजू लंगडी पडते.

त्यापेक्षा केबिन उघडा आणि समोर उभे राहा. जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं सुरुवातीचं, दोन्हींचा फोटो क्रमांकासह काढा. मीटर बदलाच्या कागदावर तेच आकडे आहेत ना बघा, मगच सही करा. लगेच मेन स्विच बंद करून लाल दिव्याची तपासणी बदलणाऱ्याच्या देखत करा. पुढे बिल पटलं नाही तर फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांनी तुम्हाला एक हत्यार दिलं आहे : तक्रार आल्यापासून पाच दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी जोडीला दुसरा मीटर लावायचा आणि किमान तीन महिने दोन्हींचा वापर ताडून बघायचा. अर्जात या तरतुदीचा स्पष्ट उल्लेख करा आणि प्रतीवर तारखेसह पोच घ्या.