विचारू नका, माल काढा

अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचा टॉवेलचा कारखाना आहे आणि आता परदेशातून थेट मेल यायला लागलेत, तर एक नियम आधी पाठ करा. न कळलेला शब्द समोरच्याला विचारायचा नसतो. विचारलं की आपल्याला इंग्रजी येत नाही हे जगजाहीर होतं. माल पडून राहिला तर राहू दे न्हावा शेव्याला, इज्जत शाबूत पाहिजे.

ऑर्डरमध्ये 'बाथ शीट' दिसलं तर क्षणभरही थांबू नका. शीट म्हणजे चादर. आणि चादर म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाला कोणी शिकवायचं? जीआय मानांकन आहे आपल्या चादरीला! पुढच्या रकान्यात 'टेरी', म्हणजे टॉवेलचं फासेदार कापड, असं लिहिलंय, साइज ३५ बाय ६० इंच आहे, वजन डझनाला १८ पाउंड आहे. सुपरवायझर भीत भीत म्हणेल, "मालक, हा अंघोळीचा मोठा टॉवेल दिसतोय ओ." त्याला तिथंच गप्प करा. नाहीतर तो कॅल्क्युलेटर काढेल. १८ पाउंडाला डझन, म्हणजे नग साधारण ६८० ग्रॅमचा, म्हणजे जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) पाचशेच्या आसपास, म्हणजे चांगला जाड टॉवेल. अर्ध्या मिनिटात शंका मिटते. म्हणूनच हा हिशेब करायचा नाही. ओळीतला एक शब्द कळला की उरलेली ओळ वाचणं हे रिकामटेकड्यांचं काम.

तारखांचं तर फारच सोपं. शिपमेंटची तारीख '०१/०२' अशी आली की १ फेब्रुवारी धरा. मधे संक्रांत येते, सिद्धरामेश्वरांचे नंदीध्वज निघतात, गड्ड्याची जत्रा भरते, लूमवर माणूस टिकत नाही. फेब्रुवारी सोयीचा. अमेरिकेतला गिऱ्हाईक आधी महिना लिहितो, त्याच्या लेखी ती २ जानेवारी असते, पण तो त्याचा प्रश्न. त्याच मेलमध्ये खाली कुठंतरी '०१/२८' असंही असतं. अठ्ठाविसावा महिना कुठल्याच कॅलेंडरात नसल्यामुळे त्याची पद्धत तिथं उघडी पडते. पण एवढं खालपर्यंत जातो कोण?

एफओबी हा शब्द आपल्याला तोंडपाठ आहे: माल जहाजावर चढला की आपण मोकळे. त्यापुढे गावाचं नाव असतं, ते शोभेसाठी. 'न्हावा शेवा, इन्कोटर्म्स २०२०' (इन्कोटर्म्स म्हणजे व्यापारी अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) असलं काय आणि 'शिकागो' असलं काय! अमेरिकेतल्या जुन्या व्यापारी रिवाजात एफओबीपुढे पोचण्याचं ठिकाण लिहिलं, तर माल तिथं पोचेपर्यंत खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची असते. हे कळून झोप उडवून घेण्यापेक्षा न वाचलेलं बरं.

एलसीत, म्हणजे गिऱ्हाइकाच्या बँकेनं पैशाची हमी दिलेल्या पत्रात, 'अबाउट' दिसलं की अंदाजे म्हणा आणि हात सैल सोडा. बँकवाले यूसीपी ६०० ही एलसीची आंतरराष्ट्रीय नियमावली दाखवतील. नगांच्या संख्येपाशी 'अबाउट' असेल तर १० टक्के कमी-जास्त चालतं, तारखेपाशी 'ऑन ऑर अबाउट' असेल तर पाच दिवस अलीकडे, पाच पलीकडे. 'प्रॉम्प्ट' आणि 'अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल' यांच्याकडे बँक चक्क दुर्लक्ष करते. आपण मात्र 'प्रॉम्प्ट' वाचून रात्रपाळी लावायची आणि 'अबाउट' वाचून पंचवीस टक्के माल कमी भरायचा.

न विचारण्याची ही परंपरा काही आजची नाही, आणि तिच्यात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. 'पीअरलेस' जहाजानं मुंबईहून येणाऱ्या सुरती कापसाच्या १२५ गाठींचा सौदा झाला होता. त्या नावाची जहाजं निघाली दोन, एक ऑक्टोबरात सुटणारं, दुसरं डिसेंबरात. घेणाऱ्याच्या मनात पहिलं, देणाऱ्याच्या मनात दुसरं. १८६४ साली इंग्लंडच्या कोर्टानं घेणाऱ्याच्या बाजूनं निकाल दिला. "कुठलं जहाज?" एवढं कोणी विचारलं नाही म्हणून कायद्याची पोरं आजही तो खटला घोकतात. विचारलं असतं तर कोणी ओळखलं असतं त्यांना?

राहता राहिला रंग. लंडनच्या बाईंनी तुमच्या लॅब डिपवर, म्हणजे मंजुरीसाठी रंगवून धाडलेल्या नमुन्यावर, 'क्वाइट गुड' असा शेरा मारला की ऑफिसात पेढे वाटा. इंग्रज माणसाचं 'क्वाइट गुड' म्हणजे पुष्कळदा "बरंय, पण..." असतं आणि तो 'पण' पुढच्या ओळीत येतो: 'कुड इट पर्हॅप्स बी अ लिटल डीपर?' शेवटी प्रश्नचिन्ह आहे ना? मग तो प्रश्न झाला, हुकूम नाही, आणि प्रश्नाला उत्तर द्यायची सक्ती कुठंय? डायिंगवाल्याला फोन लावा, अख्खा लॉट आहे त्याच शेडमध्ये टाका म्हणून सांगा. बाईंच्या मेलला एका शब्दात उत्तर धाडा: 'नोटेड'. त्याचा अर्थ काय, ते त्यांनी संदर्भावरून लावावा.