पांडुरंगाचा नंबर जुळत नाही

२२ डॉलर २० सेंट. रक्कम आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचा आक्रोश वाचून कुणाला वाटायचं, याचं घर लिलावात निघालं. गेल्या महिन्यात मुदतठेवीवर ९२ डॉलर ५० सेंट व्याज जमा व्हायला हवं होतं, झालं ७० डॉलर ३० सेंट. मधल्या फरकापुढे लिहिलं होतं, 'बॅकअप विदहोल्डिंग'. बॅकअप म्हणजे फोनमधले फोटो कुठेतरी ढगात जाऊन बसतात, एवढंच मला माहीत. या खेपेला ढगात पैसे गेले होते.

न्यू जर्सीतल्या एडिसनला, ओक ट्री रोडपासून दहा मिनिटांवर, आमच्या बँकेची शाखा आहे. शनिवारी सकाळी भाजी-किराणा बाजूला ठेवून तिकडे गेलो. टेबलामागे टाय लावलेला, मिसरूड नुकतंच फुटलेला एक पोरगा होता. स्क्रीनकडे बघून प्रसन्न हसला आणि म्हणाला, "बसा ना, मिस्टर पांडुरंग."

मी मागे वळून पाहिलं. पांडुरंग म्हणजे आमचे वडील. त्यांनी जन्मभर विट्यात चार यंत्रमाग चालवले, विमानात एकदाही बसले नाहीत, आणि त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली.

पोरगा बिचारा समजावून सांगत होता. अमेरिकेत बँक एरवी व्याजातून कर कापत नाही. वर्षाचं व्याज १० डॉलर किंवा जास्त झालं की आयआरएसला, म्हणजे इथल्या आयकर खात्याला, कळवते आणि मोकळी होते, कर भरायचा तो तुम्ही भरा. पण बँकेने कळवलेलं नाव आणि तुमचा नऊ आकडी सोशल सिक्युरिटी नंबर सरकारी दप्तराशी जुळला नाही, तर आयआरएस बँकेला कळवते, बँक तुम्हाला पत्र घालते, आणि तरी तुम्ही ढिम्म राहिलात तर पुढच्या व्याजातून २४ टक्के सरळ सरकारजमा. कामकाजाचे ३० दिवस वाट बघतात म्हणे. पत्र दीड महिन्यापूर्वीच धाडलं होतं, सोबत नाव-नंबर शपथेवर लिहून द्यायचा कोरा डब्ल्यू-नाइन फॉर्मही होता.

पत्र आलं होतं, नाही कशाला म्हणू? पिझ्झाची कुपनं आणि पन्हळ साफ करून देणाऱ्यांच्या जाहिराती यांच्यामध्ये ते होतं. पाकिटावर 'मिस्टर पांडुरंग'. आता पांडुरंगाच्या नावाने इथे जे काही येतं ते वर्गणीचं असतं, असा माझा आजवरचा अनुभव. केराच्या टोपलीत टाकलं.

"मी जाधव," मी म्हणालो. "सुरेश जाधव. नंबर माझाच आहे. पांडुरंग माझे वडील."

"ओह! म्हणजे संयुक्त खातं आहे?"

इथे मागून आवाज आला, "कुठले जाधव?"

सोफ्यावर एक गृहस्थ बसले होते. जून महिन्यात, एसीच्या धाकाने, करडा हाफ स्वेटर. पायात मुलांकडे आलेले सगळे आईवडील घालतात ते पांढरेशुभ्र बूट. हातात बँकेची फुकट कॉफी आणि खिशातून डोकावणाऱ्या साखरेच्या पुड्या. साताऱ्याचे. लेक शेजारच्या दुकानात खरेदीला जाताना त्यांना इथे बसवून जाते, कारण इथे खुर्च्या बऱ्या आहेत आणि कुणी उठवत नाही. कोषागारात ३४ वर्षं नोकरी. तिथे काम काय, तर आलेली बिलं त्रुटी काढून परत पाठवणं. हे सगळं त्यांनी मी 'विट्याचे' म्हणेपर्यंत सांगून टाकलं.

"विट्याचे पांडुरंग!" ते खूश झाले. "म्हणजे वीट घरचीच. काय राव, काय अडलंय?"

मी सांगितलं. काकांचे डोळे असे चमकले, की त्या माणसाला अमेरिकेत येऊन पहिल्यांदाच जेवायला वाढलंय असं वाटावं. खुर्ची ओढून ते माझ्या शेजारी बसले. "तीन शनिवार इथे बसतोय. एकानेही कागद नीट भरलेला बघितला नाही. आणा तो नमुना नऊ."

पोरग्याने माझा चेहरा बघून आधी डब्ल्यू-एट काढला होता. तो परदेशी लोकांचा. मी नागरिक असल्याचं सांगितल्यावर त्याने माफी मागत डब्ल्यू-नाइन छापला. फॉर्म एक पान आणि त्याच्या सूचना पानंच्या पानं. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बोट ठेवून वाचायला लागले.

"शपथेवर? आणि खोटं निघालं तर शिक्षा? वा. कडक आहे." मग भुवया वर गेल्या. "हे काय? कलम दोन वाचलंत? 'माझ्यावर बॅकअप विदहोल्डिंग लागू नाही.' अहो जाधव, लागू आहे म्हणून तर तुम्ही आलात! कापून घेतायत आणि तुम्ही शपथेवर लिहून देताय की कापत नाहीत? खोडा ते."

मी पोरग्याला विचारलं, खोडू का? तो घाबरून म्हणाला, मुळीच नको. व्याज लपवलं म्हणून आयआरएसने ज्यांना स्वतः कळवलंय त्यांनीच खोडायचं. तुमचा प्रकार नंबर न जुळण्याचा.

"नियम दाखव म्हणावं."

"काका, जाऊ द्या ना..."

"नियम दाखव म्हणावं त्याला. तोंडी काय कोणीही सांगतं."

मी, करदाता, माझ्याच २२ डॉलरसाठी एका कोषागाराचा आणि एका बँकेचा दुभाषी झालो होतो. पोरग्याने पान उलटून ओळ दाखवली. काकांनी ती दोनदा वाचली, ओठ हलवत. मग फॉर्म माझ्याकडे सरकवला. "बरोबर आहे त्याचं. पोरगा हुशार आहे. याला मी आमच्याकडे घेतला असता. काळ्या शाईने भरा."

भरताना त्यांची टीका चालूच होती. "आमच्याकडे पॅन दिला नाही तर वीस टक्के. तुमच्याकडे चोवीस. प्रगत देश आहे." दरवर्षी एप्रिल उजाडला की पंधरा एच, म्हणजे 'व्याजातून कर कापू नका' असं लिहून द्यायचा नमुना, घेऊन बँकेत पहिला नंबर काकांचाच असायचा. पोरग्याने आपल्या परीने माझं सांत्वन केलं: २०१७ पर्यंत हा दर २८ टक्के होता. ते मी काकांना सांगितलं मात्र, काकांनी मांडीवर थाप मारली. "अठ्ठावीस! युगं मोजून लावलेला दर दिसतोय. आणि नोटीस पांडुरंगालाच!"

हसलो मी. पण हा हसण्याचा विषय आहे का? १९८२ साली इथल्या काँग्रेसने जवळपास सगळ्यांच्याच व्याजातून १० टक्के कापायचा कायदा केला, तेव्हा सगळ्यात मोठा गळा बँकांनी काढला. ग्राहकांकडून इतकी पत्रं पाठवून घेतली, की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. मागे उरली ती ही 'बॅकअप' कात्री, नंबर न देणाऱ्यांसाठी. म्हणजे मूळ भांडण नंबर लपवणाऱ्यांशी होतं. मी नंबर दिला होता. अकरा वर्षं त्याच नंबरावर कर भरतोय, आणि एका वर्षी हिशेबात थोडी चूक झाली तर तेव्हा मात्र आयआरएसला माझं नाव, आडनाव, पत्ता सगळं अचूक ठाऊक होतं.

आणि चुकीचा नंबर लावणारे इथे नवे नाहीत. १९३८ साली न्यूयॉर्क राज्यातल्या पैशांची पाकिटं बनवणाऱ्या एका कारखान्याने नमुना म्हणून पाकिटात सोशल सिक्युरिटी कार्ड घातलं, आणि त्यावर नंबर छापला ऑफिसातल्या सेक्रेटरीबाईंचा, खराखुरा. कार्ड अर्ध्या आकाराचं, वर 'नमुना' असं छापलेलं. तरी लोकांनी पाकीट घेतलं आणि नंबर आपलाच समजून वापरला. १९४३ मध्ये एकाच वेळी ५,७५५ जण तो नंबर लावत होते. एकूण आकडा ४० हजारांच्या वर गेला. शेवटी बाईंनाच नवा नंबर घ्यावा लागला. त्या हजारोंपैकी एकाचेही २२ डॉलर कुणी कापल्याचं मी वाचलेलं नाही.

हे काकांना सांगावं म्हणून वळलो, तर ते पोरग्याच्या खांद्यावरून स्क्रीनमध्ये डोकावत होते. त्याने माझं दोन वर्षांपूर्वीचं, खातं उघडतानाचं कार्ड काढलं होतं. जुळणी आडनावाच्या पहिल्या चार अक्षरांवर होते, असं तो सांगत होता. दप्तरात जे, ए, डी, एच. यांच्याकडे पी, ए, एन, डी.

"हे अक्षर तुमचंच ना?" काकांनी विचारलं.

माझंच होतं. निळ्या शाईत, एका ओळीत: जाधव सुरेश पांडुरंग.

शाळेच्या हजेरीपटात असंच होतं. दहावीच्या गुणपत्रिकेवर, रेशनकार्डावर, मतदार यादीत. हाताला सवय. यांनी शेवटचा शब्द उचलला आणि त्याचं आडनाव केलं.

"मग चूक काय आहे यात?" काका एकदम माझ्या बाजूला आले, म्हणजे मला तसं वाटलं. "आडनाव आधीच लिहायचं असतं. पद्धतच ती. सांगा त्याला."

मी ते काही त्याला सांगितलं नाही. "कापलेले परत कधी मिळतील?" एवढंच विचारलं.

मिळणार नाहीत. निदान बँकेकडून नाहीत. जानेवारीत एक कागद येईल, त्याच्या चौथ्या चौकटीत ही रक्कम असेल, ती एप्रिलच्या विवरणपत्रात दाखवायची, मग ती हिशेबात धरली जाईल. तोवर दहा महिने माझे पैसे सरकारकडे बिनव्याजी. आणि तीन वर्षांत पुन्हा असं जुळलं नाही तर नुसता फॉर्म चालणार नाही, सोशल सिक्युरिटीचा पुरावा आणावा लागेल. हेही तो हसूनच म्हणाला. यांना हसायला शिकवतात, नाव विचारायला का नाही शिकवत? 'यातलं तुमचं आडनाव कोणतं', चार शब्दांचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी कुणी विचारला असता तर आज माझी शनिवारची इडली चुकली नसती.

काकांची लेक दारात येऊन उभी राहिली होती, दोन्ही हातांत कोथिंबिरीच्या पिशव्या. काकांनी माझा वाया गेलेला डब्ल्यू-एट उचलला, मागची बाजू कोरी आहे हे बघून चार घड्या करून खिशात ठेवला. साखरेच्या आणखी दोन पुड्या घेतल्या. "ऑक्टोबरात मी साताऱ्याला जाणार. पण एप्रिलमध्ये पैसे मिळाले की कळवा हं. मला चैन पडायची नाही."

त्यांनी छोटी डायरी काढली, माझा फोन नंबर घेतला, आणि काळ्या शाईने, सुंदर वळणदार अक्षरात, माझं नाव लिहिलं: जाधव सुरेश पांडुरंग.